अपुऱ्या मुजऱ्याची नोंद

सभेचे अध्यक्ष आणि आमच्या मानपान कचेरीचे प्रमुख सरदार प्रतापसिंहराव साहेब, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे डॉक्टर भास्करराव टिपणीस, उद्यापासून माझ्या खुर्चीत बसणारे आणि आत्ताही माझ्याकडे काळजीने पाहणारे मोहनराव, कचेरीतील सहकारी बंधू, मांडवीपासून तरसालीपर्यंतच्या मानकरी घराण्यांतून आवर्जून आलेली मंडळी, आणि उजव्या बाजूच्या रांगांत बसलेल्या माता-भगिनींनो,

दरबारात कोणाचे नाव आधी घ्यावे आणि कोणाचे मागाहून, ह्यावरून ह्या बडोद्यात किती घरांतली जेवणे थंड झाली, हे मला चांगले ठाऊक आहे. चौतीस वर्षे तो क्रम मीच लावत होतो. तेव्हा आत्ताच्या संबोधनात कोणी मागेपुढे झाले असेल, तर आज तरी ते मनाला लावून घेऊ नये. माझ्या हातात आता यादी नाही. आणि खरे सांगायचे तर यादी धरण्याइतका उत्साहही नाही. मी थकलो आहे. निरोपाच्या भाषणात असे म्हणायचे नसते, वक्त्याने गहिवरायचे असते. पण गहिवरण्यालाही थोडी ताकद लागते.

सुरुवातीलाच एक परवानगी मागतो. मी खुर्चीला धरून बोलेन आणि मध्येच बसलो तर कोणी धावत येऊ नये. डॉक्टरसाहेबांनी मला अर्ध्या तासाची मुदत दिली आहे. ते घड्याळ काढून बसले आहेत, आपण पाहताच आहात.

आताच आपण मला शाल दिलीत, श्रीफळ दिलेत आणि कचेरीतील बंधूंनी मिळून ही चांदीची डबी दिली. डबी फार सुरेख आहे. तपकिरीची आहे. तपकीर मला चार महिन्यांपूर्वी बंद झाली, हे बंधूंना माहीत नव्हते असे नाही, पण डबी त्याआधीच घडवायला दिली होती आणि सोनारापुढे आपले काय चालते? आता तिच्यात लवंगा ठेवीन. समोरच्या दालनात फराळ मांडला आहे, त्यात पापड आहेत, खारवलेल्या मिरच्या आहेत, लोणचे आहे. ह्या तिन्ही गोष्टी मी नुसत्या पाहायच्या आहेत. ज्याच्यासाठी पंगत त्यानेच उपाशी राहायचे, असा हा मान आहे.

असो. मानपत्राकडे वळतो. कापड रेशमी, अक्षर मोत्यासारखे, वाचणाऱ्यांचा आवाजही भरदार. त्यात एक वाक्य आले, ‘ह्यांच्या नजरेतून चौतीस वर्षांत एकही कसूर सुटली नाही.’ टाळ्या त्याच वाक्याला सर्वांत जास्त पडल्या. मी त्या वेळी मान खाली घातली, ती विनयाने घातली असे आपल्याला वाटले असेल. तसे नव्हते. त्या वाक्यात एक दुरुस्ती आहे, आणि ती करायचीच म्हणून मी ह्या समारंभाला हो म्हटले. माझ्या आतल्या खिशात एक कागद आहे. त्यावर अध्यक्षसाहेबांची सही हवी आहे. आज सूर्यास्तापर्यंत मी नोकरीत आहे, म्हणजे कागद पुढे ठेवण्याचा अधिकार अजून माझा आहे. सूर्य मावळायला, डॉक्टरसाहेबांचे घड्याळ पाहता, दीड तास बाकी असावा.

तो कागद कशाचा, हे सांगण्यासाठी मला थोडे मागे जावे लागेल.

सभेत बरीच तरुण मंडळी आहेत, आणि आमची कचेरी नेमके काय करते हे त्यांना सांगितले तर ती हसतात. हसू द्यावे. दरबारात कोणी कोणत्या रांगेत बसायचे, कोणाच्या मागून यायचे आणि गादीपुढे येऊन मुजरा कसा करायचा, हे पाहणे आणि लिहून ठेवणे हे आमचे काम. मुजरा म्हणजे नुसते वाकणे नव्हे. डावा हात कमरेशी, कंबर झुकलेली, उजव्या हाताचा तळवा जमिनीजवळ न्यायचा आणि तिथून कपाळापर्यंत उचलायचा. एकदा, दोनदा, तीनदा. हात कपाळाला पोचला नाही तर मुजरा अपुरा. मी मुजऱ्याच्या जागेपासून पाच हातांवर, खांबाआड बसत असे आणि हात पाहत असे. माणसांचे चेहरे मला आठवत नाहीत, बाजारात भेटले तर ओळखत नाही म्हणून लोक मला गर्विष्ठ समजतात. पण हात दाखवा, नाव सांगतो.

मी ह्या कचेरीत आलो तेव्हा मला मुजरा येत नव्हता. आमचे घर कारकुनांचे, लेखणीपलीकडे हाताला वळण नाही. मला तो शिकवला शिलेदार हंबीरराव दरेकर यांनी. तरसालीचे, जुन्या पागेतले घराणे, दरबारात तिसऱ्या रांगेत बैठक. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. कचेरीच्या ओसरीवर त्यांनी मला आठ दिवस वाकायला लावले. म्हणायचे, “दिनकरराव, हात उचलू नका, हात आपोआप आला पाहिजे. अदब खांद्यात असती, बोटांत नाही.” त्यांचा मुजरा पाहायला लोक थांबत. मी चौतीस वर्षांत हजारो मुजरे पाहिले, त्या हातासारखा हात पाहिला नाही.

आता दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. सन एकोणीसशे सव्वीस, दसऱ्याच्या दरबाराआधीची रंगीत तालीम. रविवार होता. तालमीत गादी रिकामी असते, पण मुजरा पुराच करायचा असतो. सकाळी नऊचा सुमार. तिसऱ्या रांगेची पाळी आली, हंबीरराव पुढे झाले, वाकले, आणि त्यांचा उजवा हात छातीपर्यंत येऊन खाली पडला. पुन्हा उचलला, पुन्हा छातीपर्यंत. तिसऱ्यांदा त्यांनी उचललाच नाही, तसेच वळून चालायला लागले. दिवाणखान्यात कुजबूज झाली. मी त्यांना बाजूला घेऊन विचारले, हे काय? त्यांनी काहीतरी उत्तर दिले. त्याचा अर्थ मला लागला नाही, शब्द एकात एक गेले होते. आणि बोलताना त्यांचा ओठ असा तिरका झाला, की मला वाटले, हे मला हसत आहेत.

मी त्यांना खाली आणले. तिथे त्यांना घेऊन आलेला मांडवीचा टांगेवाला उभा होता. गुजराती माणूस, दरबाराशी त्याचा संबंध घोड्यापुरता. त्याने त्यांच्याकडे एकदा पाहिले आणि मला म्हणाला, “साहेब, बापूनुं मोढुं वांकुं थई गयुं छे. दवाखाने लई जाउं?” तोंड वाकडे झाले आहे, दवाखान्यात नेऊ का? त्या सगळ्या दिवाणखान्यात एवढे शहाणपणाचे वाक्य कोणी बोलले नव्हते. मी त्याला काय उत्तर दिले असेल? मी म्हणालो, “तू तारो घोडो संभाळ.” त्याने मान खाली घालून घोडा सांभाळला.

अर्ध्या तासाने हंबीरराव माझ्या टेबलापाशी आले. हात धड, तोंड धड, बोलणे स्वच्छ. मला म्हणाले, “हात गेला होता बघा. माझाच हात, पन माझा वाटंना. आता आला. हे लिहू नका.” मी काय केले असते? आपण माझ्या जागी काय केले असते? समोर धडधाकट माणूस उभा, मुठी वळून दाखवतो आहे, आणि म्हणतो घटकेपूर्वी हात गेला होता. मला ती सबब वाटली. शिवाय ते माझे स्नेही. स्नेह्याची कसूर लपवली असे कोणी म्हणू नये, ह्याची मला त्या वयात फार काळजी असे. मी अहवाल लिहिला. त्याची स्वच्छ प्रत मोहनरावांनी केली. तो असा होता, मला तोंडपाठ आहे:

‘मुजरा अपुरा. उजवा हात छातीपर्यंत, पुढे नाही. चालताना उजवा पाय घासत. ओठांचा उजवा कोपरा खाली ओढलेला, जणू उपहास. विचारले असता उत्तर अस्पष्ट, मद्याचा संशय. सबब बेअदबी.’

वरून हुकूम आला, शनिवारी पुन्हा येऊन रिकाम्या गादीपुढे पुरा मुजरा करावा, म्हणजे शेरा काढून टाकण्यात येईल.

बुधवारी त्यांच्या पत्नी जिजाबाई तरसालीहून बैलगाडीने कचेरीत आल्या. कचेरीत बायका येत नसत, शिपायाने त्यांना ओसरीवर थांबवले, मी बाहेर गेलो. मी त्यांना वहिनी म्हणत असे, त्या मला भाऊजी. त्यांनी जे सांगितले ते मी आज जसेच्या तसे सांगतो. “भाऊजी, हे काय पयल्यांदा नाही. परवा भाकरी मोडताना तुकडा हातातनं गळला. श्रावणात डाव्या डोळ्यापुढं पडदा आला, मी तांब्या भरून आणीस्तवर गेला. डोकं तर सदाच धरल्यालं. तंबाखू सुटत नाही, लोणच्याबिगर घास उतरत नाही. कुणाला सांगू देत नाहीत. शिलेदाराचा हात गळतो असं गावात होईल म्हनत्यात. तुम्ही आठ दिवस द्या. डॉक्टरला दाखवते, मग करतील मुजरा. गादी कुठं पळून चालली?”

आठ दिवसांची मुदत देणे माझ्याच अधिकारात होते. वर विचारावे लागत नव्हते. एक ओळ लिहायची होती. मी त्यांना नियम सांगितला. म्हणालो, “वहिनी, आजाराची सबब आधी यावी लागते. कसूर घडल्यावर आली तर आम्ही ती धरत नाही.”  त्या म्हणाल्या, “बरं.” आणि गाडीकडे गेल्या. मी आत येऊन पुढचा कागद घेतला. मला वाटले, आज आपण कर्तव्य केले.

शनिवारी हंबीरराव वेळेआधी आले. पुरा पोशाख, पगडी नीट बसवलेली. बोलावलेली चार माणसे, रिकामी गादी, खांबाआड मी. पहिला मुजरा झाला. मंडळी, तो पहिला मुजरा मी विसरू शकत नाही. दुसरा झाला, हात कपाळाला पोचला, पण किंचित थरथरला. तिसऱ्याला ते वाकले आणि वर आले नाहीत.

पुढचे सांगायला मला जड जाते, पण तेच सांगायला उभा आहे. आम्ही वाट पाहिली. आम्हाला वाटले, फार अदबीने वाकले आहेत. रविवारची भरपाई करताहेत. कोणीतरी हळूच ‘वाहवा’ म्हणाले. बघता बघता ते बाजूला कलंडले आणि पगडी घरंगळत माझ्या खांबापर्यंत आली.

मग एकच गोंधळ. अंगावरून वारे गेले, असे एक जण म्हणाला, घेरी आली, असे दुसरा. कोणी कांदा फोडून नाकाला लावला. मी स्वतः त्यांच्या तोंडात पाणी ओतले. ते गिळता येईना, घशात अडकले, जीव घुसमटला. गिळण्याची शक्ती गेलेल्या माणसाच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये, हे मला कळायला आणखी नऊ वर्षे जायची होती. टांगा कोणाच्या हुकमाने बोलवावा ह्यावर पाऊण तास गेला. आमच्या कचेरीत हुकमाशिवाय काही होत नाही.

हंबीरराव वाचले, म्हणजे मेले नाहीत. उजवे अंग गेले आणि वाचा गेली. आणि अध्यक्षसाहेब, आपल्या आधीच्या अधिकाऱ्यांच्या वेळची गोष्ट आहे म्हणून आपल्याला ठाऊक नसेल, शनिवारी तिसरा मुजरा पुरा झाला नाही, म्हणून बेअदबीचा शेरा तसाच राहिला. पुढच्या वर्षी त्या शेऱ्यावरून घराण्याची तिसऱ्या रांगेतली बैठक काढली. त्यांचे चिरंजीव तुकोजीराव आजही दसऱ्याला बघ्यांच्या गर्दीत उभे असतात. यादी मीच करतो. म्हणजे करत असे.

मी त्यांना भेटायला गेलो का? गेलो. एकदाच. तरसालीला त्यांच्या घरी ते खाटेवर बसून होते. मला पाहिले. मला वाटले तोंड फिरवतील, बरे झाले असते. त्यांनी डाव्या हाताने उजव्या हाताचे मनगट धरले, तो हात उचलला, सावकाश उचलला, आणि कपाळाला नेऊन टेकवला. शनिवारचा राहिलेला तिसरा मुजरा होता तो. मी उठून बाहेर आलो. जिजावहिनींनी चहा ठेवला होता, तो घेतला नाही. त्यानंतर तीन वर्षे ते होते आणि मी पुन्हा गेलो नाही. कारण विचाराल तर सांगतो, भ्यालो होतो.

पाणी देता का जरा? नको, मोहनराव, ठीक आहे. नुसते पाणी.

हे सगळे मी तसेच पोटात घालून निवृत्त झालो असतो. पण गेल्या मार्गशीर्षात, महाराजांच्या हीरक महोत्सवाच्या आसनांची यादी करत असताना, सकाळी अकराच्या सुमारास माझ्या बोटांतून लेखणी गळली. उचलू गेलो तर हात टेबलावर पडून राहिला, बाजूला ठेवलेल्या वस्तूसारखा. मोहनरावांना म्हणालो, दौत सरकवा. माझ्या कानांनी ऐकले ते शब्दच नव्हते. मोहनराव उठून जवळ आले. म्हणाले, “साहेब, जरा दात दाखवा.” मला राग आला. म्हणाले, “दोन्ही हात वर धरा.” एक आला, एक आला नाही. त्यांनी भिंतीवरचे घड्याळ पाहून वेळ कागदावर टिपली आणि शिपायाला टांग्यासाठी पिटाळले. कोणाचा हुकूम विचारला नाही.

टांगा येईपर्यंत वीस मिनिटे गेली आणि माझा हात परत आला. जीभ सुटली. आणि सुटलेल्या जिभेने मी पहिले वाक्य काय बोललो असेन? मी म्हणालो, “मोहनराव, हे लिहू नका.”

तेच शब्द, मंडळी. तेव्हा मला हंबीरराव कळले. ती सबब नव्हती, लाज होती. आपलाच हात आपला न वाटण्याची लाज. मोहनराव म्हणाले, “लिहीत नाही, साहेब. पण टांगा दारात आहे.” मी म्हणालो, आता बरे वाटते आहे. ते म्हणाले, “हंबीररावांनाही वाटलं होतं.” दहा वर्षांपूर्वी त्या अहवालाची स्वच्छ प्रत त्यांनी केली होती. त्यांनाही ती पाठ होती. आम्ही दोघांनी दहा वर्षांत एकमेकांपाशी त्याचा उच्चार केला नव्हता.

डॉक्टर भास्कररावांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला आणि पारा चढवला. तो दोनशेच्या पुढे गेला. मी विचारले, हा दाब किती दिवसांचा असेल? म्हणाले, “कोण जाणे. तो दुखत नाही, म्हणून तर माणसं मोजायला येत नाहीत.” मी त्यांना जुन्या अहवालाची नक्कल दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली. मग चष्मा काढून जे म्हणाले ते मी आपल्यासमोर सांगणार आहे, ते बसले आहेत, चुकलो तर सुधारतील. म्हणाले, “दिनकरराव, माझ्या हाताखालच्या शिकाऊ डॉक्टरांनासुद्धा इतकं अचूक लिहिता येत नाही. एका बाजूचा हात पडला, पाय घासला, तोंड वाकडं झालं, वाचा अडखळली, सगळं आहे. फक्त शेवटचा शब्द चुकला.”

माझ्या नजरेतून कसूर सुटली नाही हे मानपत्रातले वाक्य खरेच आहे. सगळे दिसले होते. दिसलेल्याला नाव चुकीचे दिले.

मी त्यांना विचारले, आठ दिवस मिळाले असते तर? डॉक्टर खोटे बोलत नाहीत, हा त्यांचा एक त्रासदायक गुण आहे. म्हणाले, वाचलेच असते असे सांगता येणार नाही. एकदा पुरता घाला पडला की त्यावर आमच्याकडे अजून फारसे औषध नाही. पण मेंदूला रक्त नेणारी वाट घटकाभर तुंबते आणि मोकळी होते, ती सूचना असते. येऊन गेली म्हणून संकट टळले असे समजू नये, उलट तिच्यामागचे थोडे दिवसच सर्वांत वाईट. त्या दिवसांत निजवून ठेवले असते, दाब पाहिला असता, मीठ आणि तंबाखू तोडली असती. “संधी मिळाली असती,” म्हणाले. त्या संधीच्या जागी मी त्यांना गादीपुढे वाकायला बोलावले.

तेव्हापासून डॉक्टरांचे ऐकतो. तपकीर गेली. आमच्या कुटुंबाने, आनंदीबाईंनी, स्वयंपाकातले मीठ असे कमी केले की जावई येईनासे झाले. सकाळी कमाटीबागेपर्यंत चालत जातो आणि चालत येतो. दर पंधरवड्याला दंडाला पट्टा बांधून घेतो, लघवीत साखर आहे का ते पाहून घेतो, नाडी अडखळते का ते डॉक्टर पाहतात. बरे वाटते म्हणून ह्यातले काही सोडत नाही. गुजराती बांधवांना सांगतो, तुमचे पापड आणि अथाणे, आमच्या भाषेत लोणचे, हे मोठे गोड वैरी आहेत. आणि आमच्या मराठा सरदारांना सांगतो, रात्रीच्या पेल्यांना मान देण्याची रीत कोणत्याही यादीत नाही, मी शोधली.

आणि घरात कोणाचे तोंड एकाएकी वाकडे झाले, हात उचलता येईना, शब्द जड झाले, एका डोळ्यापुढे अंधारी आली, तोल गेला, किंवा कधी दुखले नव्हते असे डोके एकदम फुटायला लागले, तर कृपा करून माझ्यासारखे अर्थ लावत बसू नका. प्याला आहे, रुसला आहे, नाटक करतो आहे, काही म्हणू नका. निजवा, तोंडात काही घालू नका, वेळ पाहून ठेवा आणि टांगा बोलवा. अर्ध्या तासात बरे झाले तरी टांगा परत पाठवू नका. लुळ्या अंगाला कबुतराचे रक्त चोळणारे दारात येतील, त्यांना आधी येऊ देऊ नका.

डॉक्टर घड्याळाकडे बघू लागले. संपवतो.

अध्यक्षसाहेब, हा तो कागद. वाचून दाखवतो. ‘शिलेदार हंबीरराव दरेकर, राहणार तरसाली, यांचा सन १९२६ मधील मुजरा आजारामुळे अपुरा राहिला. बेअदबी घडली नाही. आजाराची मुदत त्यांच्या कुटुंबाने वेळेत मागितली होती, ती देण्याचा अधिकार असूनही दिली नाही. चूक नोंद करणाराची. सबब शेरा रद्द होऊन घराण्याची बैठक पूर्ववत व्हावी.’ खाली माझी सही आहे. हात बरा आहे तोवर केली. आपली सही झाली तर मला ही शाल मिळाल्यासारखी वाटेल. नाही झाली तर मी ती पांघरून घरी जाईन, पण ऊब येणार नाही.

ह्या समारंभासाठी खपलेल्या सर्वांचे आभार मानतो. सभागृह दिलेल्या वाचनालयाचे, फराळ करणाऱ्या भगिनींचे, मानपत्र लिहिणाऱ्या त्या सुरेख अक्षराचे, डॉक्टरसाहेबांचे. मोहनराव, तुमचे आभार मानत नाही, तुमच्यामुळे आज उभा राहून बोलतो आहे एवढे लोकांनी पाहिले, पुरे. आज मान तुमचा होता, डबी तुम्ही घ्या. बोलताना कोणाचे नाव राहिले असेल, उणा-अधिक शब्द गेला असेल, मुदतीपेक्षा लांबले असेल, तर ते आपण थोर मनाने पोटात घालाल अशी विनंती करतो.

पण एक चूक अशी आहे की ती सभेने माफ करण्यातली नाही. जिजावहिनी उजवीकडच्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. मी त्यांना आमंत्रण पाठवले तेव्हा त्या येतील असे मला वाटले नव्हते. वहिनी, मी आपली माफी मागतो. इतक्या लोकांत मागितली म्हणून आपण संकोचाने मान हलवू नये, आज काहीच बोलू नये. तुम्ही आठ दिवस मागितले होते, मी दिले नाहीत. उत्तर द्यायला तुम्हाला हवे तेवढे दिवस घ्या.

मी आता घरीच असतो.